मूत्रमार्गाचा प्रतिरोधक जंतुसंसर्ग: लालबागमधील एका रुग्णाचे प्रकरण

हे प्रकरण लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या, ६४ वर्षे वयाच्या बाईंचे आहे. त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील वगळून ते लिहीत आहे. आजार दुर्मीळ नव्हता. मधुमेह असलेल्या, साठी ओलांडलेल्या स्त्रियांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होणे ही माझ्या दवाखान्यातली जवळजवळ रोजची गोष्ट आहे. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण आजार ऑगस्टमध्ये झाला असला, तरी जुने केसपेपर चाळताना त्याची सुरुवात मला फेब्रुवारीच्या पानावर आणि माझ्याच हस्ताक्षरात सापडली.

रुग्ण आणि घर

बाईंना ११ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि दोन वेळा मेटफॉर्मिन असे त्यांचे औषध होते. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.४ होती. यजमान गिरणीत होते, त्यांना जाऊन काही वर्षे झाली. घरात मुलगा, सून आणि शाळकरी नातू आहे. बाई होळीला पुरणपोळ्यांच्या आणि गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात, त्यामुळे हे दोन महिने त्यांना आजारी पडणे परवडत नाही, असे त्या स्वतःच सांगतात.

चाळीतली शौचालये गॅलरीच्या टोकाला आहेत. पावसाळ्यात गॅलरी ओली असते, दिवा अंधूक, आणि दोन वर्षांपूर्वी त्या तिथे एकदा घसरल्या होत्या. तेव्हापासून संध्याकाळी सातनंतर पाणी प्यायचे नाही आणि रात्री लघवी लागली तरी पहाटेपर्यंत थांबायचे, अशी सवय त्यांनी लावून घेतली होती. मूत्राशयात तासन्‌तास साठून राहिलेली आणि त्यातही साखर असलेली लघवी म्हणजे जंतूंना वाढायला चांगली जागा. ही सवय त्यांनी मला कधी सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारली नव्हती.

आजाराचा क्रम

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लघवीला जळजळ सुरू झाली आणि दर अर्ध्या तासाने जावे लागू लागले. मुलाने कामावरून येताना मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणि जळजळ कमी करणारे पातळ औषध आणले. दोन दिवसांत बरे वाटले. सहाव्या दिवशी त्रास परत सुरू झाला, तेव्हा त्याच गोळ्या पुन्हा आणल्या, या वेळी सहा.

त्यातच श्रावणातला सोमवार आला. बाईंनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली, सिप्रोफ्लॉक्सासिनही घेतले आणि दिवसभरात वाटीभर साबुदाण्याच्या खिचडीखेरीज काही खाल्ले नाही. मंगळवारी पहाटे सुनेला जाग आली ती त्यांच्या बडबडण्याने. अंग घामाने भिजले होते, हात थरथरत होते आणि बोलण्याचा मेळ लागत नव्हता. सुनेने प्रसंगावधान राखून ग्लुकोमीटर लावला: साखर ४९. साखरेचे पाणी दिल्यावर पाच-दहा मिनिटांत त्या भानावर आल्या. घरच्यांनी दोष उपवासाला दिला आणि विषय तिथेच संपला.

उपवासाचा वाटा होताच, पण तेवढाच नव्हता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातल्या पेशींवरील पोटॅशियमचे एक दार बंद करते आणि त्यामुळे इन्सुलिन बाहेर पडते. सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या गटात मोडते, त्या फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधेही काही अंशी याच दारावर परिणाम करतात. त्यामुळे वयस्कर आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत या गटामुळे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये याच कारणासाठी या औषधांवरचा इशारा अधिक कडक केला. स्नायूंना हाडाशी बांधणारे स्नायुबंध, विशेषतः टाचेच्या वरचा, तुटण्याचा इशारा त्यावर २००८ पासून आहेच. ही औषधे वाईट आहेत असे यातून मुळीच सुचवायचे नाही. योग्य जागी ती जीव वाचवतात. परंतु जी गोळी देताना आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारावे लागते, ती गोळी काउंटरवरून स्ट्रिप कापून देण्यासारखी नाही, हे त्या पहाटेच्या ४९ या आकड्याने मला पुन्हा एकदा दाखवून दिले.

जळजळ थांबेना म्हणून घरात पडून असलेल्या सेफिक्झिम या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या घेऊन झाल्या. बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, उजव्या कुशीत दुखू लागले, दोन उलट्या झाल्या आणि मुलगा त्यांना टॅक्सीने दवाखान्यात घेऊन आला.

तपासणी आणि पहिला निर्णय

ताप १०२.६, नाडी ११२, रक्तदाब १०४/६४, साखर २८६. उजव्या बाजूला बरगडी आणि पाठीचा कणा यांच्या कोनात हलकेच थाप मारली तरी त्या कळवळल्या. आदल्या आठवड्यात हिंदमाताला पाणी भरले होते आणि मुलाच्या मनात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो ही तिन्ही नावे होती. ऑगस्टमध्ये मुंबईत ती कुणाच्याही मनात येतात आणि यायलाच हवीत. मलेरियाची स्लाइड आणि डेंग्यूची एनएस१ चाचणी केली, दोन्ही नकारात्मक आल्या. बाई त्या आठवड्यात चाळीबाहेर पडलेल्या नव्हत्या, साचलेल्या पाण्यातून चालल्या नव्हत्या; शिवाय सगळी लक्षणे मूत्रपिंडाकडे बोट दाखवत होती. लघवीच्या साध्या तपासणीत पू-पेशींनी सूक्ष्मदर्शकाचे क्षेत्र भरले होते. पांढऱ्या पेशी १७,८०० आणि मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन १.६ निघाले; त्यांच्या वयाला आणि ५८ किलो वजनाला हिशेब केला, तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३२ मिलिलिटरच्या आसपास उतरली होती. सोनोग्राफीत खडा नव्हता, अडथळा नव्हता, पू साठलेला नव्हता. ही तपासणी मी मुद्दाम लगेच करून घेतली, कारण लघवीची वाट अडलेली असेल किंवा गळू झाले असेल, तर ते मोकळे केल्याशिवाय जगातले कोणतेही अँटिबायोटिक पुरेसे पडत नाही. साठलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही आणि पोचले तरी तिथे नीट काम करत नाही.

त्यांना दाखल केले. रक्ताचे आणि लघवीचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतले आणि मगच इंजेक्शनचा पहिला डोस दिला. हा क्रम काही मिनिटांचाच असतो, पण तो उलटा झाला तर नंतरचे सगळे दिवस अंदाजावर काढावे लागतात.

कल्चरचा निकाल यायला दोन दिवस लागणार होते आणि तेवढे थांबण्याची त्यांची स्थिती नव्हती. मग औषध कोणते निवडायचे? या ठिकाणी मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्याचा. सुनेला मी सांगितले होते, ‘घरात उरलेल्या जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या सगळ्या घेऊन या.’ तिने डबा टेबलावर उपडा केला. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या दोन गोळ्या, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिडची एक, ॲझिथ्रोमायसिनची रिकामी स्ट्रिप, सेफिक्झिमची पाठ फाटलेली स्ट्रिप आणि एक अशी कापलेली स्ट्रिप, जिच्यावर औषधाचे नाव गेले होते आणि उरली होती फक्त एक उभी लाल रेघ. ही रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असे औषध. तिच्याकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मोहीमही काढली होती. सेफिक्झिम तर शेड्यूल एच-१ या अधिक कडक नियमाच्या यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमानुसार अशा औषधाच्या विक्रीची नोंद रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावासह वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते आणि ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. घरातल्या डब्याला मात्र रजिस्टर नसते.

डब्याने मला महत्त्वाची गोष्ट सांगितली. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम दोन्ही पोटात गेलेली असताना आजार मूत्राशयातून वर मूत्रपिंडात चढला होता. औषध चालू असताना नमुना घेतला तर जंतू दबून राहतो आणि कल्चर कोरे येऊ शकते, ही भीती खरी आहे. पण जो जंतू औषधे चालू असताना ताप वाढवतो, त्याने आपला रिपोर्ट प्रयोगशाळेच्या आधीच दिलेला असतो. म्हणून सेफिक्झिमच्याच कुळातले सेफ्ट्रायॅक्सोन, जे अशा वेळी सवयीने सुरू केले जाते, ते मी टाळले. अमिकासिन मूत्रपिंडाला आणखी इजा करू शकले असते. मेरोपेनेम सुरू केले. मूत्रपिंडाची क्षमता पाहून दर आठ तासांऐवजी बारा तासांनी १ ग्रॅम.

हा निर्णय मी हलक्या मनाने घेतला नाही. मेरोपेनेम ज्या गटात येते, तो कार्बापेनेम गट म्हणजे आपल्याकडच्या बचावाच्या शेवटच्या काही ओळींपैकी एक. ही ओळही मोडू शकणारे एनडीएम-१ हे एन्झाइम प्रथम ओळखले गेले ते दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील जंतूत, २००८ मध्ये. मुंबईतल्या रुग्णालयांतही ते त्यानंतर लवकरच नोंदले गेले. एका रुग्णासाठी कार्बापेनेम वापरताना पुढच्या रुग्णासाठी ते थोडे कमी उरते, ही जाणीव ठेवूनच हात चालवावा लागतो.

प्रयोगशाळेतली बशी

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सहकाऱ्यांकडे गेलो. मॅकॉन्की आगर या जंतू वाढवण्याच्या माध्यमावर गुलाबी ठिपके दाटीने उगवले होते, म्हणजे लॅक्टोज वापरणारा जंतू. ओळख ई. कोलाय अशी पटली. एक मिलिलिटर लघवीत १,००,००० पेक्षा जास्त.

तिसऱ्या दिवशीची बशी मात्र पाहण्यासारखी होती. फिकट आगरवर जंतूंचा सारखा थर आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या. औषध चकतीतून बाहेर झिरपते आणि जंतू संवेदनशील असेल तर तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. मोजमाप ६ मिलिमीटर, म्हणजे चकतीचाच व्यास. ज्या औषधाच्या दहा गोळ्या बाईंनी घेतल्या होत्या, त्याचा काचेवरचा परिणाम शून्य. सेफ्टाझिडिमभोवती १२ मिलिमीटरचे वर्तुळ होते, तर शेजारी सेफ्टाझिडिमबरोबर क्लॅव्युलॅनिक ॲसिड असलेल्या चकतीभोवती २१ मिलिमीटरचे. हा फरक ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असला, की जंतू ईएसबीएल, म्हणजे औषध तोडणारे एन्झाइम, बनवतो असे समजले जाते. मेरोपेनेमभोवती २८ मिलिमीटरचे स्वच्छ वर्तुळ होते.

इथे औषध नेमके काय करते हे सांगायला हवे, कारण त्याशिवाय ती बशी वाचता येत नाही. जिवाणूभोवती एक भिंत असते. ती जाळ्यासारखी विणलेली असते आणि जिवाणू वाढताना तिचे टाके सतत उसवून नवे घालावे लागतात. टाके घालणारी एन्झाइमे पेनिसिलिनच्या कुळातील औषधे (सेफिक्झिम आणि मेरोपेनेम ही त्यातलीच) जाम करतात. उसवणे चालू राहते, विणणे थांबते, आतला दाब भिंतीला पेलवत नाही आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. म्हणून हे औषध जिवाणूला मारते आणि आपल्याला सहसा इजा करत नाही. विषाणूलाही अशी भिंत नसते आणि म्हणूनच सर्दी, फ्लू किंवा डेंग्यूवर हे औषध काहीच करू शकत नाही. कमी परिणाम होतो असे नव्हे, तर परिणाम व्हायला तिथे जागाच नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचे लक्ष्य वेगळे: जिवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणारे एन्झाइम. ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूचा प्रथिने बनवणारा कारखाना बंद पाडतात.

ईएसबीएल म्हणजे जिवाणूने स्वतःच बनवलेले कात्रीसारखे एन्झाइम. सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रायॅक्सोनच्या रेणूतली एक चौकोनी कडी ते तोडते आणि औषध लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच निकामी होते. क्लॅव्युलॅनिक ॲसिड त्या कात्रीत स्वतः अडकते, म्हणून त्याच्या सोबतीने वर्तुळ मोठे झाले. या कात्रीचा नकाशा बहुधा प्लाझ्मिड नावाच्या, डीएनएच्या एका लहानशा कड्यावर असतो आणि हे कडे एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. त्याच कड्यावर इतर औषधांविरुद्धची हत्यारेही अनेकदा एकत्र बसलेली असतात. त्यामुळे एका औषधाने निवडलेला जंतू दुसऱ्या तीन औषधांनाही दाद देत नाही.

रिपोर्टवरचा ‘एस’

छापील रिपोर्ट मुलाने वाचला आणि विचारले, ‘डॉक्टर, नायट्रोफ्युरँटोइनपुढे एस लिहिलंय, म्हणजे ही साधी गोळी चालते. मग आईला एवढी महागडी इंजेक्शनं कशाला देताय?’ प्रश्न अगदी योग्य होता आणि असा प्रश्न विचारणारे नातेवाईक मला हवे असतात.

नायट्रोफ्युरँटोइन लघवीत भरपूर उतरते. त्यामुळे केवळ मूत्राशयापुरत्या संसर्गासाठी ते उत्तम औषध आहे. परंतु रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात त्याचे प्रमाण पुरेसे होत नाही. शिवाय मूत्रपिंड मंदावलेले असले, की ते लघवीतही नीट उतरत नाही आणि त्याचे दुष्परिणाम मात्र वाढतात. काचेच्या बशीत औषध आणि जंतू शेजारी शेजारी असतात. शरीरात औषधाला तिथवर प्रवास करावा लागतो. ‘एस’ या अक्षरात तो प्रवास धरलेला नसतो. हे मी त्याला कागदावर मूत्रपिंड आणि मूत्राशय काढून दाखवले आणि त्याला ते पटले.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. हीच गोळी पहिल्या दिवशी, जळजळ फक्त मूत्राशयापुरती असताना आणि मूत्रपिंडे ठीक असताना दिली गेली असती, तर पाच दिवसांत काम होण्याची चांगली शक्यता होती. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एक पुडीही कदाचित पुरली असती. त्यासाठी लागणार होता तो लघवीचा एक नमुना, सकाळी, स्वच्छ बाटलीत, मधल्या धारेचा आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवलेला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रक्ताच्या कल्चरमध्ये वाढ झाली नाही. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.१ झाले, तेव्हा दिवसातून एकदाच द्यावे लागणाऱ्या, मेरोपेनेमच्याच गटातल्या एर्टापेनेमवर त्यांना आणून घरी सोडले आणि उरलेली इंजेक्शने दवाखान्यात येऊन घेण्याची सोय केली. एकूण सात दिवस. मध्ये तीन दिवस जुलाब झाले. शौचाच्या नमुन्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या, अँटिबायोटिकनंतर जुलाब घडवू शकणाऱ्या जंतूचे विष आढळले नाही आणि जुलाब आपोआप थांबले.

फेब्रुवारीचे पान

बाई घरी गेल्यावर मी त्यांचे जुने कागद काढले. फेब्रुवारीच्या पानावर लिहिले होते: सर्दी, खोकला, घसा खवखवतो, ताप ९९.४, छाती स्वच्छ. खाली माझ्या अक्षरात सेफिक्झिम २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. हा विषाणूचा आजार आहे हे मला त्याही दिवशी कळत होते. होळीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतलेल्या होत्या, बाई म्हणाल्या, ‘मला लवकर उभं करा’, बाहेर बाकावर दहाजण बसले होते आणि मी लिहून दिले. मे महिन्यात जुलाब झाले म्हणून मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल पाच दिवस. खरे तर तेव्हा ओआरएसचे पाणी पुरले असते. जूनमध्ये दात काढल्यानंतर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड पाच दिवस. सहा महिन्यांच्या आत तीन कोर्स आणि त्यातला एकही मूत्रमार्गासाठी नव्हता.

पण मूत्रमार्गाला त्रास देणारा ई. कोलाय येतो कुठून? स्वतःच्याच आतड्यातून. सेफिक्झिमच्या गोळीतला निम्म्याच्या आसपासच भाग रक्तात शोषला जातो. उरलेला आतड्यातच राहतो. घशासाठी म्हणून मी जी गोळी दिली, तिचा घशातल्या विषाणूवर काहीच परिणाम झाला नाही, मात्र आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंवर झाला. जे संवेदनशील होते ते मेले; ज्यांच्याकडे कात्री होती त्यांना मोकळी जागा मिळाली. अनुकूल स्थितीत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांनी दुप्पट होतो. या वेगाने एका जिवाणूचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. मेमधल्या ऑफ्लॉक्सासिनने त्यातून पुन्हा निवड केली, या वेळी सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच कुळातल्या औषधाला न जुमानणाऱ्यांची. ऑगस्टमध्ये साठलेल्या लघवीत जो जंतू चढला, तो या दोन चाळण्यांतून गेलेला होता.

एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य करतो. असे जंतू अन्नपाण्यातून आणि घरातल्या माणसांकडूनही येतात. परंतु अँटिबायोटिक घेतल्यानंतर त्याच व्यक्तीत प्रतिरोधक जंतू सापडण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असते आणि ती वर्षभरापर्यंत टिकू शकते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. म्हणून ‘गेल्या वर्षभरात कोणती अँटिबायोटिक घेतली, कशासाठी का असेना’ हा प्रश्न मी आता वेदना कुठे होते या प्रश्नाच्या बरोबरीने विचारतो.

याच संदर्भात ‘कोर्स पूर्ण करा’ या सल्ल्याविषयी बोलणे भाग आहे. मुलाला अपराधी वाटत होते की चारच गोळ्या आणल्या म्हणून हे झाले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेच्या पेनिसिलिनचा धोका सांगितला होता आणि क्षयरोगासारख्या आजारात कोर्स अर्धवट सोडणे आजही घातकच आहे. पण या बाईंच्या बाबतीत सिप्रोफ्लॉक्सासिन चौदा दिवस घेतले असते, तरी त्या ६ मिलिमीटरमध्ये फरक पडला नसता. आतड्यातली निवड मात्र चौदा दिवस चालू राहिली असती. जिथे औषधाची गरज नाही तिथे पूर्ण केलेला कोर्स हा अर्धवट कोर्सपेक्षा चांगला नव्हे, आणि फेब्रुवारीतला माझा कोर्स त्यांनी अगदी नेमाने पूर्ण केला होता. जगभरात २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जिवाणूंमुळे झाले, असा ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, त्या आकड्यापर्यंतची वाट अशाच नेमाने घेतलेल्या अनावश्यक गोळ्यांतूनही जाते.

त्यानंतर

मुलाने गॅलरीत शौचालयापर्यंत दोन नवे दिवे लावून घेतले आणि भिंतीला धरायला नळीची दांडी बसवली. शेजाऱ्यांनीही त्यात पैसे घातले. बाई आता दिवसभरात एकेक लिटरच्या दोन बाटल्या संपवतात आणि रात्री एकदा उठतात. ग्लिमेपिराइड बंद करून उपवासाच्या दिवशीही साखर फारशी न उतरवणारे औषध दिले आहे. केसपेपरच्या पहिल्या पानावर मी अँटिबायोटिकसाठी वेगळा रकाना आखला: तारीख, औषध, किती दिवस, कशासाठी, कुणी दिले. डब्यातल्या गोळ्या सुनेने माझ्याकडे सोपवल्या.

गणपती आटोपल्यावर त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधीच्या तपासण्यांत कुणीतरी लघवीचे कल्चरही लिहिले होते आणि त्यात पुन्हा तोच ई. कोलाय आला, तोच ईएसबीएल, १,००,००० पेक्षा जास्त. मुलगा घाबरून रिपोर्ट घेऊन धावत आला. त्याला वाटले की आजार परतला, पुन्हा इंजेक्शने घ्यावी लागणार आणि शस्त्रक्रिया पुढे जाणार.

मी बाईंना विचारले, ‘काकू, जळजळ होते का? ताप, कुशीत दुखणे, वारंवार जावे लागणे?’ त्यांना यातले काहीच नव्हते. लक्षणे नसताना लघवीत जंतू सापडणे ही मधुमेही आणि वयस्कर स्त्रियांत नेहमी आढळणारी स्थिती आहे. गरोदरपण आणि मूत्रमार्गातच करायच्या काही शस्त्रक्रिया वगळता तिच्यावर अँटिबायोटिक देऊ नये, कारण त्याने पुढचा आजार टळत नाही आणि जंतू मात्र आणखी प्रतिरोधक होतो. हे समजावायला मला अर्धा तास लागला; औषध लिहून द्यायला अर्धे मिनिट पुरले असते. मुलगा शेवटी म्हणाला, ‘म्हणजे जंतू आहे, पण आजार नाही.’ मी नेत्रतज्ज्ञांना तशी चिठ्ठी दिली. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. अँटिबायोटिकच्या रकान्यात त्या महिन्यात एकच नोंद आहे, शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात घालायच्या थेंबांची.